नंबरामागचा नंबर

लंडनच्या हॅरो भागातल्या एका घरात, स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हवर एक जाडजूड डायरी असते. घर ज्यांचं त्या मूळच्या चिपळूणच्या. लंडनच्या सरकारी रुग्णालयांत नर्सची नोकरी करून निवृत्त झालेल्या. ओळखीतले सगळे त्यांना मावशी म्हणतात, मीही म्हणू लागलो. डायरीत वीज कंपनी, बँक, विमा, नगरपालिका, दवाखाना, प्राप्तिकर खातं अशी पानं आहेत आणि बहुतेक पानांवर दोन-दोन नंबर आहेत. डावीकडचा शून्य-आठवरून सुरू होतो आणि त्यावर आडवी रेघ मारलेली असते. उजवीकडचा सुरू होतो शून्य-एक, शून्य-दोन किंवा शून्य-तीनवरून. त्याखाली बारीक मराठी अक्षरांत टिपा आहेत. 'कोण हवं विचारतील, बिलिंग म्हणायचं.' 'हा लीड्सचा, सकाळी लवकर लागतो.' 'फॅक्सचा नंबर घेऊन शेवटचा आकडा बदलला, लागला.'

"डावीकडचा लावायचा नाही," मावशी म्हणाल्या. "तो त्यांनी छापलेला. उजवीकडचा आपण शोधलेला."

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'हॅलो' हे सूत्र दिलं. त्या हॅलोचे पैसे कोण भरतं, हा प्रश्न माझ्या डोक्यात बरेच दिवस होता. ब्रिटनमध्ये या प्रश्नावर वीस-पंचवीस वर्षं वाद झाला, कायदे झाले, संसदेत प्रश्न विचारले गेले. मावशींसारख्या हजारो सामान्य लोकांनी तो वाद वह्या भरून लढला. म्हणून लंडन आणि लेस्टरमधल्या काही मराठी घरांत आणि पुण्यातल्या काही जुन्या कॉल सेंटरवाल्यांकडे जाऊन बसलो.

आठवरून सुरू होणारे

ब्रिटनमधला साधा लँडलाइन नंबर शून्य-एक किंवा शून्य-दोनवरून सुरू होतो आणि त्यावरून गाव कळतं. ०२० म्हणजे लंडन, ०१२१ म्हणजे बर्मिंगहॅम, ०११६ म्हणजे लेस्टर. आपल्याकडे ०२० पुणे आणि ०२२ मुंबई, तसंच. पण ०८४५, ०८४४, ०८७० आणि ०८७१ हे नंबर कुठल्याच गावाचे नाहीत. पोस्ट बॉक्सवर पत्र टाकलं की ते कुठल्या तरी खऱ्या पत्त्यावरच जातं, तसं या नंबरांचं आहे. तुम्ही ०८४५ लावता, एक्स्चेंजमधली यंत्रणा त्या नंबराखाली नोंदलेला खरा नंबर शोधते आणि फोन तिकडे वळवते. पुष्कळदा तो खरा नंबर कुठल्या तरी गावातला साधा लँडलाइन असतो. तो तुम्हाला आधीच ठाऊक असता, तर साध्या दरात तिथेच पोचला असता.

ही सोय मुळात वाईट नव्हती, हे मला आवर्जून सांगायचं आहे. नव्वदच्या दशकात स्कॉटलंडमधून लंडनला फोन करणं महाग होतं. ज्या मराठी वाचकानं पिवळ्या पाटीच्या बूथमध्ये मीटरकडे डोळे लावून एसटीडी कॉल केला आहे, दर उतरावेत म्हणून रात्री उशिरापर्यंत थांबला आहे, त्याला हे वेगळं समजवायला नको. तेव्हा ब्रिटिश टेलिकॉमनं ०३४५ वरून सुरू होणारे नंबर कंपन्यांना दिले. देशातून कुठूनही लावा, दर स्थानिक कॉलचा. दुसरी मालिका ०९९० ची होती आणि तिचा दर लांबच्या कॉलचा होता. २२ एप्रिल २००० रोजी देशभर नंबरांची मोठी फेररचना झाली, त्या फेररचनेच्या काळात पहिले ०८४५ झाले आणि दुसरे ०८७०.

आणि मग भोवतालचं जग बदललं. स्पर्धा आली आणि लांबच्या कॉलचे दर कोसळले. २००४ मध्ये ब्रिटिश टेलिकॉमनं स्थानिक आणि लांबचा हा भेदच काढून टाकला. मोबाइलच्या पॅकेजमध्ये महिन्याला शेकडो मिनिटं मिळू लागली. पण ती मिनिटं शून्य-एक आणि शून्य-दोनच्या नंबरांना लागू होती, शून्य-आठला नाही. लँडलाइनवरून दिवसा मिनिटाला ४ पेन्सच्या आसपास पडणारा ०८४५ मोबाइलवरून ४० पेन्सपर्यंत जाऊ लागला. ०८०० चे नंबर लँडलाइनवरून फुकट होते, पण मोबाइलवरून त्यांनाही पैसे पडत. तरी जाहिरातींत 'लोकल रेट' हे शब्द बराच काळ तसेच राहिले. जाहिरातींच्या नियामकांनी ते दिशाभूल करणारे ठरवले, तोवर ग्राहकांच्या डोक्यात ते पक्के बसले होते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. या नंबरांवरून येणाऱ्या कॉलच्या पैशांतला काही हिस्सा ज्या संस्थेला फोन आला तिच्याकडे जाऊ शकत होता. कधी रोख मिळे, कधी फोनयंत्रणेच्या भाड्यातून वळता होई. म्हणजे तक्रार करायला फोन केला, तर तक्रार ऐकणाऱ्याला तुम्हीच पैसे देत होता. आणि ते फक्त बोलण्याचे नव्हते. घंटी थांबून 'तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' ही ध्वनिफीत सुरू झाली, की तिथूनच मीटर पळू लागे.

वाट पाहण्याचं बिल

सकाळी आठला दवाखान्याची फोनलाइन उघडते आणि त्याच दिवशीची वेळ हवी असेल तर त्या मिनिटाला फोन करावा लागतो. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाला ही सकाळ माहीत आहे. २००० नंतरच्या दशकात शेकडो दवाखान्यांनी ०८४४ चे नंबर घेतले. विकणाऱ्यांचा दावा खरा होता: रांग लावणारी, 'एक दाबा, दोन दाबा' म्हणणारी आधुनिक यंत्रणा मिळेल आणि डॉक्टरांच्या खिशाला फारशी झळ लागणार नाही. झळ लागायची रांगेत उभ्या असलेल्या आजाऱ्याला.

मावशींच्या डायरीतली पहिली रेघ अशीच पडली. त्यांच्या यजमानांना मधुमेह होता, आठवड्याला दोन-तीनदा दवाखान्यात फोन व्हायचा. बिलात त्या ओळी वेगळ्या दिसू लागल्या. स्वतः आयुष्यभर सरकारी आरोग्यसेवेत राबलेली बाई, उपचार फुकट मिळावेत म्हणून उभी केलेली ती व्यवस्था. आणि तिच्या दारात पोचायला दर मिनिटाला पैसे. "राग पैशांचा नव्हता," त्या म्हणाल्या. "वॉर्डात आम्ही कुणाला दारावर अडवलं नाही कधी."

डिसेंबर २००९ मध्ये सरकारनं आरोग्यसेवेच्या संस्थांना साध्या कॉलपेक्षा महाग पडणारे नंबर वापरू नका असा आदेश दिला आणि २०१० मध्ये डॉक्टरांच्या करारातही तसं कलम घातलं. पण फोनयंत्रणेचे करार कैक वर्षांचे होते. 'महाग' कशाच्या तुलनेत, लँडलाइनच्या की मोबाइलच्या, यावर डॉक्टर आणि रुग्ण वर्षानुवर्षं भांडत राहिले. सगळे नंबर बदलायला पुष्कळ काळ गेला.

याच्याही पलीकडे होती सरकारी खाती. करसवलती, पेन्शन, बेकारभत्ता यांच्या चौकशीच्या लाइन ०८४५ वर होत्या. २०१३ मध्ये तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानं हिशेब मांडला. २०१२-१३ या एका वर्षात केंद्र सरकारच्या महाग नंबरांवर लोकांनी सुमारे ५ कोटी ६० लाख पौंड भरले आणि त्यातले सुमारे २ कोटी ६० लाख नुसते वाट पाहण्यात गेले. जवळपास निम्मे पैसे कुणाशीही एक शब्द न बोलता. हे पैसे भरणारे लोक बहुतांशी कोण होते ते पाहा: भत्ता अडकलेले, नोकरी गेलेले, पेन्शनीतलं गणित न जुळणारे. मार्गारेट हॉज यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदेच्या लोकलेखा समितीनं त्यानंतर खात्यांना चांगलंच फैलावर घेतलं आणि वर्ष संपायच्या आत मंत्रिमंडळ कार्यालयानं सर्व खात्यांसाठी नवी मार्गदर्शक सूचना काढली.

डायरी कशी भरते

पण कायदा येईपर्यंत लोक थांबले नव्हते. खऱ्या नंबराचा शोध हे तिथं एक लोकविज्ञानच झालं होतं. लेस्टरमध्ये एका निवृत्त इंजिनिअरनं मला ते टप्प्याटप्प्यानं दाखवलं. हे गृहस्थ सोलापूरहून सत्तरच्या दशकात तिथं गेले. त्यांच्या मुलानं एका संगणकतक्त्यात अशा नंबरांची यादी ठेवली होती आणि ती ते शेजारपाजारच्या गुजराती, पंजाबी घरांतही वाटत.

पहिली जागा म्हणजे 'परदेशातून फोन करायचा असल्यास' ही ओळ. शून्य-आठचे नंबर परदेशातून पुष्कळदा लागतच नाहीत. त्यामुळे बँका आणि विमा कंपन्यांना कार्डाच्या मागे किंवा पत्रकाच्या तळाशी +४४ लावून एक साधा नंबर छापावा लागतो. +४४ काढा, शून्य लावा, की झाला लंडन किंवा ग्लासगोचा साधा नंबर. पुण्यातून लेकीच्या ब्रिटिश बँकेला फोन करणाऱ्या आईला जो नंबर मिळतो, तोच लंडनमध्ये बसलेल्या लेकीलाही स्वस्तात पोचवतो.

दुसरी जागा फॅक्स. कार्यालयं सलग नंबर ठोकानं घेतात. फॅक्सचा शेवट ०१ नं होत असेल, तर ०० वर मुख्य ऑपरेटर असण्याची शक्यता दांडगी. मग पत्राच्या तळाशी छापलेलं नोंदणीकृत कार्यालय. मग कर्णबधिरांसाठीच्या टेक्स्टफोनचा नंबर, त्याच्या आजूबाजूचे. मग वार्ताहरांसाठीचा, भागधारकांसाठीचा नंबर. तिथं फोन उचलणारा माणूस सहसा मोकळा असतो आणि सभ्यपणे विचारलं तर फोन जोडून देतो. सरकारी खातं असेल तर माहिती अधिकार. ब्रिटनचा तो कायदा जानेवारी २००५ पासून अमलात आला आणि लोकांनी 'तुमच्या ०८४५ खालचा खरा नंबर कोणता' असे अर्ज टाकायला सुरुवात केली. काही खात्यांनी दिला. काहींनी असा नंबर सांगितला तर आमच्या कामकाजात अडथळा येईल म्हणून नाकारला.

हे सगळं एकत्र करून लोकांनी सार्वजनिक याद्या बनवल्या. कुणी तरी नंबर द्यायचा, दुसऱ्यानं तो लावून पाहायचा, तिसऱ्यानं शेरा लिहायचा: रांग चुकवून थेट माणूस मिळतो, किंवा फक्त विक्री विभाग लागतो, किंवा बंद झाला. कुणी पगार घेत नव्हतं. फार टिकाऊ माल नव्हता तो. संस्थेला सुगावा लागला की नंबर बदले. कधी एखादा चुकीचा नंबर यादीत शिरे आणि कुठल्या तरी गोदामातल्या बिचाऱ्या कारकुनाला दिवसभर बँकेचे फोन येत. तरीही या याद्यांनी जे सिद्ध केलं ते कुठल्याच अहवालानं इतक्या स्वच्छपणे केलं नाही: साधा नंबर होताच. लोकांना सांगितला जात नव्हता.

संस्थांची बाजूही मी ऐकली. गाव नसलेल्या नंबरामुळे कॉल एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात वळवता येतो, कार्यालय हललं तरी नंबर तोच राहतो, किती लोक रांगेत सोडून गेले ते मोजता येतं. सगळं खरं. पण यातल्या कशासाठीही फोन करणाऱ्याकडून जादा पैसे घेण्याची गरज नाही. हे पुढं शून्य-तीननं दाखवून दिलं.

हिंजवडीत उचललेला फोन

या साखळीचं दुसरं टोक आपल्याकडं होतं. २००० नंतर ब्रिटिश बँका, विमा आणि फोन कंपन्यांचे कॉल पुण्याच्या हिंजवडीत आणि मुंबईच्या मालाडला येऊ लागले. ब्रॅडफर्डची आजीबाई ०८४५ लावे आणि हॅलो म्हणे नाशिकहून पुण्यात आलेला, नुकताच पदवी घेतलेला मुलगा.

त्या काळी अशा एका केंद्रात काम केलेल्या दोघांशी बोललो. आज एक कोथरूडला शिकवणीचे वर्ग चालवतो, दुसरीचा कल्याणमध्ये कपड्यांचा व्यवसाय आहे. त्यांच्यावर ताण होता तो कॉल लवकर संपवण्याचा. प्रत्येक कॉल सरासरी किती वेळात निकाली निघाला याचा तक्ता रोज भिंतीवर लागे. तेव्हा कॉल मुद्दाम लांबवला जात होता, असं म्हणणं या पोरांवर अन्याय करणारं ठरेल. त्यांना उलट एक गोष्ट आठवते. "कित्येक लोक पहिलं वाक्य हेच बोलायचे, 'मी मोबाइलवरून बोलतोय, मला उलटा फोन करा.' आम्हाला वाटायचं चिकट लोक आहेत. उलटा फोन करायची परवानगी आम्हाला नव्हती. हे लोक वीस मिनिटं पैसे भरत थांबलेत, हे आम्हाला प्रशिक्षणात कुणी सांगितलंच नाही."

पैसा बोलण्यात नव्हताच. तो रांगेत होता, आणि रांग किती लांब ठेवायची ते किती माणसं नेमायची यावर ठरत होतं. तो निर्णय ना हिंजवडीतल्या मुलाच्या हातात होता, ना ब्रॅडफर्डच्या आजीबाईंच्या.

आठच्या जागी तीन

२००७ मध्ये ब्रिटनच्या दूरसंचार नियामकानं, म्हणजे ऑफकॉमनं, शून्य-तीनची मालिका खुली केली. नियम दोन. एक, या नंबराला साध्या लँडलाइन कॉलपेक्षा एक पेनीही जास्त लागता कामा नये आणि पॅकेजमधली मिनिटं इथंही चालली पाहिजेत. दोन, फोन घेणाऱ्याला त्यातला हिस्सा मिळणार नाही. कॉल वळवणं, रांग मोजणं वगैरे सगळ्या सोयी तशाच.

यातली एक तजवीज मला फार शहाणपणाची वाटते. ज्या संस्थेकडे ०८४५ होता तिच्यासाठी पुढच्या त्याच आकड्यांचा ०३४५ राखून ठेवला होता. ०८४४ साठी ०३४४, ०८७० साठी ०३७०, ०८७१ साठी ०३७१. म्हणजे नागरिकाला काही शोधायलाच नको, दुसरा आकडा बदलून पाहायचा. रेल्वे चौकशीचा ०८४५७ ४८ ४९ ५० हा नंबर लाखोंना पाठ होता. आज तोच ०३४५७ ४८ ४९ ५० आहे. मावशींच्या डायरीत या काळापासूनची पानं पाहिली की कळतं: लांबलचक टिपा संपतात आणि नुसता एक आकडा खोडून वर तीन लिहिलेला दिसतो.

पण सोय खुली केली म्हणून संस्था आपणहून तिकडे गेल्या, असं झालं नाही. त्यांना न्यावं लागलं. १३ जून २०१४ पासून ग्राहक कराराचे नवे नियम लागू झाले. त्यांच्या ४१व्या कलमानं सांगितलं की ज्या ग्राहकाशी करार झाला आहे, त्यानं त्या कराराबद्दल फोन केला तर साध्या दराची लाइन हवीच. जास्त पैसे पडले तर वरची रक्कम विक्रेत्यानं परत द्यावी, असा हक्कही त्यातच आहे. हा हक्क फार थोड्यांना माहीत आहे. बँका आणि विमा कंपन्या यातून सुटल्या होत्या. त्यांना त्यांच्या नियामकानं ऑक्टोबर २०१५ पासून तोच नियम लावला. जर्मनीतही याच मुद्द्यावर खटला झाला. तिथल्या एका विक्रेत्यानं ०१८० चा महाग नंबर ठेवला होता. मार्च २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयानं स्पष्ट केलं की ग्राहकसेवेचा कॉल साध्या कॉलपेक्षा महाग असूच शकत नाही, विक्रेत्याला त्यातून नफा होतो की नाही हा मुद्दाच नाही.

१ जुलै २०१५ पासून उरलेल्या ०८४ आणि ०८७ चं बिल दोन भागांत दाखवणं सक्तीचं झालं: एक तुमच्या फोन कंपनीचा आकार, दुसरा त्या नंबराचा. दुसऱ्या भागावर मर्यादा आहे, ०८४ ला मिनिटाला ७ पेन्स आणि ०८७ ला १३ पेन्स. त्याच दिवसापासून ०८०० मोबाइलवरूनही फुकट झाला. फोन कंपनीच्या स्वतःच्या आकारावर मात्र अशी मर्यादा नाही, आणि मोबाइलवर खरा भुर्दंड तिथंच बसतो.

रिचार्ज संपतो तेव्हा

साधा दर म्हणजे परवडणारा दर, असं आपण सहज धरून चालतो. युनिव्हर्सल क्रेडिटनं ते खोटं ठरवलं. बेकारभत्ता, घरभाड्याची मदत वगैरे एकत्र करून ब्रिटननं ही योजना आणली. अर्ज केल्यावर पहिले पैसे हाती पडायला किमान सहा आठवडे लागत. तिची मदतलाइन ०३४५ वर होती. मासिक पॅकेज असलेल्याला ती जवळजवळ फुकट होती. पण ज्याच्याकडे मासिक पॅकेज घेण्याइतकी पत नाही, जो पाच पौंडांचं रिचार्ज मारून फोन चालवतो, त्याला तोच कॉल मिनिटाला ५५ पेन्सपर्यंत पडत होता. नऊ-दहा मिनिटांत पाच पौंड संपणार. तेवढा वेळ रांगेतच जायचा.

११ ऑक्टोबर २०१७ रोजी विरोधी पक्षनेते जेरेमी कॉर्बिन यांनी संसदेत पंतप्रधानांना हा प्रश्न विचारला. आठवडाभरात भत्ते आणि पेन्शन पाहणाऱ्या खात्याचे मंत्री डेव्हिड गॉक यांनी लाइन फुकट करण्याची घोषणा केली आणि मग खात्याच्या इतर लाइनही ०८०० वर गेल्या. पोलिसांचा १०१ हा नंबर तर कॉलमागे १५ पेन्स घेत असे. तो १ एप्रिल २०२० ला फुकट झाला. माझं मत इथं पक्कं झालं. दुकानाला साधा दर पुरे आहे. ज्या दारात माणूस पोटासाठी किंवा जिवासाठी उभा राहतो, तिथं फोन फुकटच हवा.

मोकळी सोडलेली जागा

संस्था आपला नंबर नीट सांगत नाही तेव्हा ती जागा दुसरं कुणी तरी भरतं. ब्रिटनमध्ये जोडणी करून देणाऱ्या कंपन्या निघाल्या. तुम्ही इंटरनेटवर सरकारी खात्याचा नंबर शोधता, सर्वांत वर एक जाहिरात येते, तिच्यात ०८४३ किंवा ०९ चा नंबर असतो. लावला की फोन त्याच खात्याच्या फुकट किंवा साध्या नंबरावर वळवला जातो आणि पूर्ण वेळ तुमचं मीटर महाग दरानं पळतं. काम होतं, म्हणून फसल्याचं बिल येईपर्यंत कळत नाही. लेस्टरला शिकायला आलेल्या सांगलीच्या एका विद्यार्थ्याला वाहन परवान्याच्या चौकशीत असाच फटका बसला. नंबर सांगणाऱ्या ११८ च्या सेवांचे दर तर इतके वाढले, की एप्रिल २०१९ पासून ९० सेकंदांना ३.६५ पौंड अशी मर्यादा घालावी लागली.

त्याच विद्यार्थ्याला ब्रिटनला यायच्या आधीही एक अनुभव आला होता. जून २०१७ पासून ब्रिटनच्या व्हिसा खात्यानं परदेशातून ईमेलवर चौकशी करणाऱ्यांना पैसे लावले. सुरुवातीला ईमेलला ५.४८ पौंड आणि फोनला मिनिटाला १.३७ पौंड होते, तेही कार्डावरूनच. स्वतःच्या नागरिकांसाठी साध्या दराचा आग्रह धरणाऱ्या सरकारनं दाराबाहेरच्या माणसाला वेगळा न्याय लावला. सांगलीसारख्या ठिकाणाहून मूल पाठवणाऱ्या, घरात कुणाकडेही असं कार्ड नसणाऱ्या आईबापांनी काय करायचं होतं?

आपल्याकडे फोन स्वस्त आहेत म्हणून हा विषय आपला नाही, असं वाटेल. दर आपल्याला बोचत नाही हे खरं. पण जागा आपल्याकडेही मोकळी आहे. १८०० चे टोल-फ्री नंबर परदेशातून सहसा लागत नाहीत, आणि १८६० चे नंबर तर टोल-फ्रीही नसतात. शाखेचा ०२० किंवा ०२२ चा लँडलाइन पासबुकावर छापलेला असला तरी कित्येकदा तो उचलला जात नाही. मग माणूस इंटरनेटवर 'कस्टमर केअर' शोधतो आणि तिथं भामटे खोटे नंबर लावून बसलेले असतात. ब्रिटनमध्ये असा नंबर मिनिटाला काही पेन्स नेतो. इथं तो ओटीपी विचारून खातं रिकामं करतो. रिझर्व्ह बँक याबद्दल वारंवार सावध करते. पण सावध करण्याआधी खरा नंबर समोर ठेवण्याची जबाबदारी बँकांची आहे.

वाचकांपैकी कुणाची मुलं ब्रिटनमध्ये असतील, तर त्यांना एवढं कळवा. शून्य-आठचा नंबर दिसला की आधी आठच्या जागी तीन घालून पाहा. नाही लागला तर कार्डाच्या मागचा परदेशासाठीचा नंबर लावा. शोधताना जाहिरातीवर बोट ठेवू नका, संस्थेचं पत्र किंवा बिल काढून बघा. घेतलेल्या वस्तूच्या तक्रारीसाठी ०८४ लावायला लागला असेल तर ४१व्या कलमाचा उल्लेख करून वरचे पैसे मागा. आणि इथल्या तुमच्या बँकेच्या शाखेत पुढच्या वेळी जाल तेव्हा व्यवस्थापकाला लेखी विचारा, की शाखेचा उचलला जाणारा लँडलाइन नंबर कोणता आणि तो दर्शनी फलकावर का नाही. उत्तर आलं तर घरातल्या वडीलधाऱ्यांच्या वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.